शेवटच्या बाकावरची पुष्पांजली

१

दि. २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी आभाळ उघडलं, पण वारा नव्हता. सातपुड्याची रांग धुऊन ठेवल्यासारखी जवळ दिसत होती आणि शाळेच्या पटांगणात घोट्याएवढा चिखल होता.

मुख्याध्यापक गजेंद्र अवचार यांना चिखल आवडत नसे. चिखल तुडवत येणारी पोरंही आवडत नसत. कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून ते रोज सकाळी पोरांना पायरीवर चपला घासताना बघत, आणि बघताना त्यांच्या नाकाची एक बाजू वर जाई.

"भागवत," ते शिपायाला म्हणत, "शासन पगार देते म्हणून. नाहीतर या ढोरांच्या दारापुढून कोण गेलं असतं?"

"हाव जी," भागवत म्हणे. त्याची दोन ढोरं याच शाळेत होती.

प्रार्थना झाली की सर व्हरांड्यातून एक फेरी मारत. आत बघत नसत, ऐकत. प्रत्येक वर्गात हजेरी चाललेली असे आणि प्रत्येक वर्गाचं 'हजर' वेगळं असे. पाचवीचं किंचाळल्यासारखं, दहावीचं झोपेतलं. आठवी ब च्या दाराशी मात्र त्यांची चाल आपोआप मंदावे.

आठवी ब मध्ये एक मुलगी होती, जी नव्हती.

तीन वर्षांमागे हा वर्ग पाचवीत होता, तेव्हा ब तुकडी एका डोक्याने कमी पडत होती. तुकडी गेली असती तर एक शिक्षक गेला असता, आणि सगळ्यांत शेवटी लागलेली शिक्षिका होती छाया, सरांची सून. सरांनी एक डोकं बसवलं. टेबलावर चहा होता. नाव ठेवलं पुष्पांजली, कारण असली फुलाफळांची नावं हे लोक ठेवतात. बाप रामराव खिरोडकर. आई मयत, म्हणजे एक सही वाचली. पत्ता डोंगराच्या पायथ्याची वस्ती, जिथं पावसाळ्यात साहेबाची जीप जात नाही. आणि डावा पाय आखूड, कारण अपंग लेकराकडे साहेब लोक नीट बघत नाहीत, नजर वळवतात. हे सरांचं निरीक्षण होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. चहा थंड व्हायच्या आत पोरगी तयार झाली.

मग वर्गाला वळण लावलं. पुष्पांजली आजारी असते, तिचं नाव कटू नये म्हणून पहिल्या बाकावरच्या हीनाने तिच्यासाठी 'हजर' म्हणायचं. छायाला सांगितलं, त्या नावाला वर बघायचं नाही. खाली मान घालून पुढचं नाव घ्यायचं. पोरांना काय, चार दिवसांत सवय झाली. आता तर हीनासुद्धा न आठवता म्हणे, शिंक यावी तसं.

त्या सकाळी हीना आली नव्हती. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला जळगाव जामोदला गेली होती. अवचार सर व्हरांड्यात होते.

"पुष्पांजली खिरोडकर," आतून छायाचा आवाज आला.



मग "हजर."

आवाज पहिल्या बाकावरून आला नाही. मागून आला, खिडकीच्या बाजूने. बारीक, स्वच्छ, आणि जरा थकलेला.

छायाने पुढचं नाव घेतलं.

सर पुढे निघाले. चला, एवढं तरी शिकली ढोरं, असं त्यांच्या मनात आलं. हीना नाही तर दुसरी कुणी.

२

दुसऱ्या दिवशी पडताळणी होती. ज्या मुलांचं आधार जुळत नव्हतं ती मुलं साहेब स्वतः वर्गात येऊन डोळ्यांनी बघणार होते. आठवी ब मध्ये असं एकच नाव होतं.

सरांनी सोय केली होती. भागवतच्या बहिणीची मुलगी त्याच वयाची होती. राज्याच्या हद्दीपलीकडच्या गावात राहायची, म्हणजे इथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं. ती आज मधल्या सुट्टीत येणार, सर तिला काय बोलायचं ते शिकवणार, उद्या ती तासभर बाकावर बसणार आणि गावी जाणार.

मधल्या सुट्टीत ते डबा उघडून बसले. बाहेर पोरांचा गलका होता. त्या गलक्यातून त्यांना एक पाऊल ऐकू आलं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. टेकलेलं, ओढलेलं.

"आत येऊ का, सर?"

दारात गणवेशातली मुलगी. तोंडाला उन्हाचा स्कार्फ गच्च बांधलेला, गाडीवरून येणाऱ्या पोरी बांधतात तसा. डोळ्यांपाशी फट होती, पण उजेड तिच्या पाठीमागे होता.

"ये. भागवतने पाठवलं ना?"

"तुमी बोलावलं म्हून आली."

"लंगडायला कोणी शिकवलं?"

"तुमीच, सर."

सर हसले. भागवतने काम चोख केलं होतं म्हणायचं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तिच्याकडे न बघता सुरुवात केली.

"नाव सांग. पूर्ण."

"पुष्पांजली रामराव खिरोडकर."

"आई?"

"नाही."

"नाही नाही म्हणायचं, मठ्ठ. वारली म्हणायचं."

"वाराले अगुदर असा लागते ना, सर. मले नव्हतीच."

सरांचा घास थांबला. त्यांना उलट बोलणारी पोरं माहीत होती. दोन धपाट्यांत सरळ होत. पण हिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं ती बोलत होती.

"जास्त शहाणपण नको. साहेब विचारील तेवढंच. आणि ते फडकं सोड. उद्या साहेबापुढे काय डाकू बनून बसणार?"

"सोडते. पन तुमीच म्हनान, बांध म्हून."

"का?"

"तिथं काही लिवलंच नाही तुमी."

बाहेर कुणीतरी पडलं, पोरं हसली. सरांनी डब्याचं झाकण लावलं. आता ते तिच्याकडे बघत होते. स्कार्फ साधा होता, निळ्या ठिपक्यांचा. नाकाच्या जागी कापडाला जो उंचवटा यायला हवा तो दिसत नव्हता. गच्च बांधला की होतं तसं, त्यांनी स्वतःला सांगितलं.

"सर, एक इचारू?"

"विचार आणि जा."

"मले आई काऊन नाही देल्ली? एक सही वाचली तुमची. बाकी पोट्ट्यायच्या डब्यात भाजी राह्यते. कोनाच्या येनीले रिबिन राह्यते. मी तीन वर्सं पाहून राह्यली."

"कोणी पढवलं हे तुला?"

"अन् पाय. पाय तं चांगला देता आला असता. काय लागत होतं त्याले? च्या थंडा व्हाच्या आंधी करून टाकलं तुमी मले."

चहाची गोष्ट सरांनी कुणालाही सांगितली नव्हती. निदान सांगितल्याचं आठवत नव्हतं. छायाला म्हटलं असेल, जेवताना, फुशारकीत. छायाने माहेरी सांगितलं असेल. बाईमाणसाच्या पोटात काय राहतं? असंच झालं असेल.

"तुला पाहिजे काय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर एकाही पोराला विचारला नव्हता.

"दाखला द्या."

"दाखला?"

"शाळा सोडल्याचा. चार वाजता घंटा होते, सारे घरी जातात. मले शाळा सुटतच नाही, सर."

"उद्याचं होऊ दे. मग जा मसणात."

"उद्या मोजून झालं का मंग तुमी मले नववीत टाकान. मंग दहावीत. मले मालूम आहे न."

"चल, ऊठ... नीघ इथून!" सर ओरडले. ती उठली नाही, कारण ती बसलेलीच नव्हती. सरांनी तिला बस म्हटलं नव्हतं. "तुझ्यासारख्या छप्पन्न पोरी मी घडवल्या आणि मोडल्या. वर्गात जाऊन बस गप!"

"हाव जी," ती म्हणाली. टेकलेलं पाऊल, ओढलेलं पाऊल, व्हरांड्याच्या टोकापर्यंत.

सरांनी सवयीने फरशीकडे बघितलं. चिखलाचा शिव्या देण्याइतका डाग शोधायची त्यांची सवय. दारापासून टेबलापर्यंत फरशी कोरडी आणि स्वच्छ होती.

३

भागवत आला तो हात जोडतच.

"सर, माफी असावी जी. बहिनीचा फोन आलता. पोरगी तापानं फनफनली. नाही म्हने पाठवत."

"मग आत्ता कोण आली होती बे?"

"कोन जी?"

"आत्ता! इथून गेली ती! स्कार्फवाली!"

भागवतने मागे बघितलं, मग सरांकडे. "मी तं पायरीवरच बसून भाकर खाऊन राह्यलो होतो. माह्या बाजूनं कोनी नाही गेलं."

"तू खाताना तुला दिसतं काय? ताटाबाहेर डोकं काढतोस का कधी?"

"नाही जी," भागवत म्हणाला आणि उभा राहिला.

सरांनी त्याला घालवलं आणि दार लोटून विचार केला. विचार सरळ होता. शाळेत गोकुळ शेळके नावाचा एक शिक्षक होता, ज्याचा डोळा मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर होता. त्याला पुष्पांजलीचं कळलं. त्याने कुठूनतरी ही पोरगी उभी केली, पढवली. उद्या ती साहेबापुढे तोंड उघडणार आणि सांगणार, मला अवचार सरांनी बनवलं. सरांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पेन्शन जाणार, छायाची नोकरी जाणार, वर गुन्हा. शेळक्याच्या डोक्यात एवढं येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण तिरस्कार वाटायला माणूस मिळाला की सरांना नेहमीच बरं वाटे. तसं आताही वाटलं.

ते आठवी ब मध्ये गेले. वर्ग उभा राहिला. छाया फळ्यावर त्रिकोण काढत होती.

खिडकीजवळचा शेवटचा बाक रिकामा होता. वर्गात दाटी होती. पुढे तिघं-तिघं बसले होते, पण त्या बाकावर कुणी नव्हतं.

"तिथं कोण बसतं?"

"पुष्पांजली, सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

छायाच्या हातातला खडू थांबला.

"गाढवांनो, कोण बसतं ते विचारलं. डोळ्यांनी बघितली का तुम्ही? दिसते कशी?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मधल्या रांगेतला एकजण धीर करून म्हणाला, "ते मांगं बसते न सर. आमी फळ्याकडं पाह्यतो."

"खिचडीच्या वेळी?"

"लाइनीत मांगंच राह्यते जी."

"आज सकाळी तिचं हजर कोण म्हणालं?"

"तेच," पोरं म्हणाली. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

सर सुनेजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू काय आंधळी आहेस? वर्गात कोण बसतं, कोण नाही, तुला दिसत नाही?"

छायाचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा," ती म्हणाली. शाळेत ती त्यांना नेहमी सर म्हणे. "तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या नावाला वर बघायचं नाही. मी कधीच नाही बघितलं. हीना असली की तिचाच आवाज असायचा. ती नसली की मात्र... मला वाटलं, दुसरी कुणी म्हणत असेल."

"कधीपासून?"

"सातवीपासून."

सर वळले. जाता जाता त्यांनी त्या बाकावर हात फिरवला, धूळ बघायला. बाक उन्हात नव्हता. लाकूड बसल्या जागी ऊबदार होतं.

४

चार वाजता घंटा झाली. चिखलातून पोरं ओरडत गेली. छाया रोज सासऱ्यांच्या गाडीवर मागे बसून जाई. आज ती रिक्षाने गेली. भागवत एकेका वर्गाच्या खिडक्या लावत दुसऱ्या टोकाला होता. ऊन अजून होतं.

आठवी ब मधून बाक सरकल्याचा आवाज आला.

अवचार सर घाबरलेले नव्हते. ते चिडलेले होते, आणि चिडलेला माणूस बरोबरच असतो असा त्यांचा अनुभव होता. ते आत गेले.

ती शेवटच्या बाकावर बसली होती. हाताची घडी घालून, हजेरीला बसतात तशी.

"शेळक्याने किती दिले?"

"कोनी काही नाही देल्लं. तुमी देल्लं तेवढंच आहे."

"पोलीस बोलावतो."

"बलवा. काय सांगान त्यायले? पोरगी कोनाची म्हून?"

सर दोन पावलं पुढे गेले. "ऐक गं. तुझं नाव कमी केलं तर तुकडी जाते. तुकडी गेली की माझी सून घरी बसते. तुझ्यासारख्या एका लंगड्या पोरीसाठी मी माझ्या घरात अंधार करू?"

"मंग माह्या जागी कोनी तरी बसवा. जागा रिकामी नको न तुमाले. मानूस कोनताही चालते, तुमालेच मालूम आहे."

"जागा!" सरांना खरंच हसू आलं. "काय आहे त्या जागेत? लाकडाची फळी. नाही तू, नाही तुझा बाप. मी लिहिलं म्हणून तू आहेस, आणि मी खोडलं की—"

"मंग बसून पाहा."

ती उठून बाजूला झाली. सरांना आता थांबायचं नव्हतं. वर्षानुवर्षं पोरांकडे तुच्छतेनं बघणाऱ्या माणसाला पोरीनं दिलेलं आव्हान मागे घेता येत नाही. ते त्या अरुंद बाकात पोट आत ओढून शिरले, बसले, आणि दोन्ही हात पसरले. "हे बघ. काय झालं? काही नाही. रिकामा बाक."

ती टेबलाकडे गेली. सरांच्या उशिरा लक्षात आलं की आवाज एकसारखा येतोय. टेकलेलं, टेकलेलं. पाय ओढत नव्हता.

टेबलामागे उभी राहून तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली. पुढ्यात काही नव्हतं. नावं तिला पाठ होती. एक नाव, मग तेवढाच थांबा, मग दुसरं. रिकाम्या बाकांवर ती नावं पडत गेली. बाहेर भागवतने एक खिडकी लावली, मग दुसरी. सर हसत होते. हा तमाशा पूर्ण बघायचा, मग हिला केसाला धरून बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"पुष्पांजली रामराव खिरोडकर."

आणि सरांनी तिला चिडवायला, पोरं म्हणतात तसं, तोंड वाकडं करून म्हटलं,

"हजर!"

आवाज मागून आला. खिडकीच्या बाजूने. बारीक, स्वच्छ, आणि जरा थकलेला.

त्यांनी गळ्याला हात लावला. पुन्हा बोलून बघावं असं वाटलं आणि बोलवेना. टेबलामागे ती स्कार्फ सोडत होती, एक वेढा, मग दुसरा. शेवटचा वेढा सुटला तेव्हा सरांना क्षणभर दिसलं. नुकत्याच ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखं काहीतरी, सपाट, ओलसर. आणि त्यावर, वरच्या बाजूला, भुवई उमटायला लागली होती. जाड, एका टोकाला वर गेलेली. ती भुवई ते रोज दाढी करताना बघत.

त्यांनी नजर वळवली.

ती जवळ आली आणि स्कार्फ त्यांच्या पुढ्यात बाकावर ठेवला.

"बांधून घे वं," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, मोठ्या माणसाचा. "उद्या साहेबापुढं लागन."

पावलं दाराबाहेर गेली, पायरी उतरली. चिखलात पचपच वाजत फाटकापर्यंत गेली. सरांनी उठण्यासाठी बाकाच्या कडेला धरलं आणि पाय खाली टेकले. उजवा टेकला. डावा जमिनीपर्यंत पोचला नाही.

५

दि. २७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. आभाळ भरलेलं, पाऊस नाही.

पडताळणीचे साहेब अकराच्या सुमारास आले. मुख्याध्यापक गैरहजर होते. त्यांची गाडी शाळेच्या आवारात उभी होती. घरच्यांना वाटत होतं पडताळणीच्या तयारीसाठी ते रात्री शाळेतच थांबले, शाळेला वाटत होतं ते घरी आहेत, आणि छायाला कुणी विचारलं नाही. कागदपत्रं गोकुळ शेळके यांनी दाखवली.

आठवी ब मध्ये साहेबांनी स्वतः नाव घेतलं. हीना आलेली होती. तिने तोंड उघडलं, पण त्याआधी शेवटच्या बाकावरून 'हजर' आलं. साहेबांनी तिकडे बघितलं. स्कार्फ बांधलेली मुलगी होती, डावा पाय बाकाखाली अधांतरी. साहेबांनी नजर वळवली आणि खूण केली. छायाने मान वर केली नाही.

तुकडी कायम झाली. छाया अवचार यांची नेमणूक कायम राहिली. गजेंद्र अवचार बेपत्ता असल्याची तक्रार शनिवारी नोंदवली गेली.

शुक्रवारी चार वाजता घंटा झाली. मुलं घरी गेली. भागवतने आठवी ब च्या खिडक्या लावल्या आणि दाराला कुलूप घातलं.